जुन्या पेट्रोल जीपचा व्हॅक्यूम वायपर काढून इलेक्ट्रिक मोटर बसवावी का?

तुम्ही लिहिलंय की आजोबांची साठ सालची पेट्रोल जीप आहे, वायपर सपाटीला कसाबसा हलतो, चढाला थांबतो, आणि गॅरेजवाला म्हणतो, "काढून टाका, बारा व्होल्टची मोटर बसवून देतो." खर्च किती येईल, असा प्रश्न आहे. खर्चाचं नंतर. आधी त्या माणसाला गाडीला हात लावू देऊ नका.

चढाला वायपर थांबणं हा एरवी बिघाडच नाही. तो वायपर इंजिनाच्या ओढीवर चालतो. आयडलिंगला, म्हणजे पाय उचलून इंजिन नुसतं चालू असताना, मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळीत) १८-२० इंच पाऱ्याइतका व्हॅक्यूम, म्हणजे ओढ, असते. घाटात ॲक्सिलरेटर दाबून धरला की ती जवळजवळ शून्यावर येते. मग वायपरला ओढणार कोण? सपाटीलाही जोर नसेल तर मात्र दोष आहे, आणि तो बहुतेक वेळा नळीत सापडतो.

आमच्या तात्यांची जीप विलीजच्या बनावटीची, महिंद्राची. भर आषाढात साताऱ्याहून वाईमार्गे पसरणी घाट चढून ते आम्हाला भिलारला आत्याकडे न्यायचे. त्या पट्ट्यातला पाऊस तुम्हाला सांगायला नको, महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो. वळण आलं की तात्या क्षणभर पाय उचलायचे, वायपर झपकन दोन फेऱ्या मारायचा, काच साफ, की पुन्हा पाय खाली. उतारावर पाय वरच असायचा, तेव्हा वायपर असा सुटायचा की आम्ही पोरं मागं हसत बसायचो. गाडी अशी ऐकून चालवायची असते.

तात्यांना दिसेनासं झाल्यावर जीप आमच्या दाजींच्या ताब्यात गेली. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. माणूस कष्टाळू, पण जुनं ते सगळं बदलायचं हा त्यांचा हट्ट. त्यांनी एका गॅरेजमधून इलेक्ट्रिक मोटर बसवून आणली. गाडी सहा व्होल्टची, मोटर बारा व्होल्टची! वायपर गोगलगायीसारखा सरकायला लागला. मग त्यावर उपाय म्हणून बारा व्होल्टची बॅटरी घातली. बल्ब उडाले. डायनामो आणि रेग्युलेटर सहाचेच राहिले, त्यामुळे बॅटरी चार्ज होईना. स्टार्टर फिरायचा, पण फ्लायव्हीलच्या दातांवर असा आदळायचा की ऐकवत नसे. शिवाय काचेच्या चौकटीला नवी भोकं पाडून वायर अशी आवळली की काच बॉनेटवर पाडता येईना. जीपची काच पडत नसेल तर ती जीप कसली?

आणि खरा घोळ वेगळाच होता. तेव्हापासून इंजिन आयडलिंगला धरेना, सिग्नलला बंद पडायचं. कार्बोरेटर खोलला, जेट साफ केले, प्लग आणि पॉइंट बदलले. दाजी म्हणायचे, "म्हातारं इंजिन आहे, त्याजागी डिझेल इंजिन टाकू." मी एकदा बॉनेट उघडून नुसती ऐकत उभी राहिले. मॅनिफोल्डपाशी सूं सूं आवाज येत होता. वायपरची नळी कापून निप्पल, म्हणजे मॅनिफोल्डवरचं ती नळी बसायचं तोंड, उघडंच सोडलं होतं, इंजिन तिथून फुकटची हवा घेत होतं. मी त्यावर अंगठा ठेवला आणि इंजिन जागच्या जागी संथ, एकसारखं चालायला लागलं. दाजी समोरच होते. काही बोलले नाहीत.

जुनी मोटर तात्यांनी खोक्यात घालून ठेवली होती. तिच्यात फार काही नसतं: अर्धगोल डबा, आत हलणारं एक पातं, आणि प्रत्येक फेरीच्या टोकाला ओढीची बाजू बदलणारा छोटा व्हॉल्व्ह. पात्याच्या कडेचं चामडं वाळून आखडलं होतं. मोटेचं चामडं मऊ ठेवायला आपल्याकडे एरंडेल लावत, तेच चोळून रात्रभर मुरू दिलं. व्हॉल्व्हमधला चिकटा पुसला. नळी नवी, जाड भिंतीची घातली. पेट्रोलची पातळ नळी ओढीनं चपटी होते. सहाची बॅटरी परत आली आणि वायपर चालला.

तेव्हा तुम्ही आधी एवढं करा. इंजिन चालू ठेवून वायपरच्या टोकाची नळी काढा, तिच्यावर बोट ठेवा. बोट जोरात ओढलं गेलं तर नळी ठीक, मोटर खोला. ओढ मंद असेल तर नळी बदला, मोटरला उगाच छेडू नका. तुमच्या इंजिनावरच्या, टाकीतलं पेट्रोल ओढणाऱ्या पंपाला दुसरा मजला असेल तर तो चढाला वायपरला व्हॅक्यूम पुरवण्यासाठीच असतो. त्याचा पडदा फाटला तर चढाला वायपर थांबतोच, वर इंजिन ऑइल ओढून निळा धूर सोडतं. तोही बघून घ्या.

आता हेही सांगते. तुमच्या जीपला कुणी डिझेल इंजिन टाकलं असेल, आणि आपल्या भागात कितीतरी जीपांना टाकलंय, तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा. त्या डिझेलला सहसा थ्रॉटल, म्हणजे हवा अडवणारी झडप, नसते; मॅनिफोल्डला ओढ नसते. वेगळा व्हॅक्यूम पंप बसवा नाहीतर सरळ इलेक्ट्रिक करा. रोज रात्री पावसात घाटातून जायचं असेल तरीही इलेक्ट्रिकच बरं, काच दिसणं महत्त्वाचं. पण मोटर घेण्याआधी बॅटरी सहाची की बाराची आणि तिचं कोणतं टोक बॉडीला जोडलंय (अर्थिंग) ते पाहा. चुंबकवाली मोटर उलटी जोडली तर उलटी फिरते, मग काचेवर थांबायची जागा चुकते.

खर्च गॅरेजवाल्यालाच विचारा, पण सुरुवात नळीपासून केलीत तर बहुधा तिथंच भागेल. आणि इलेक्ट्रिक करायचंच ठरलं, तर मॅनिफोल्डचं निप्पल बोल्ट किंवा टोपी लावून तुमच्या डोळ्यांदेखत बंद करून घ्या. दाजींना हे मी आजही सांगते, आणि ते आजही म्हणतात की इंजिनच म्हातारं होतं. तेच इंजिन गेल्या पावसाळ्यात पसरणी चढून गेलं, शेजारी दाजीच बसले होते.