दोन गळत्या, एकच हिशेब

प्रश्न : ताई, मी अमेरिकेत पाणी शुद्धीकरणाच्या प्लांटवर शिफ्ट सुपरवायझर आहे. परवा रात्री ११ वाजता टाकीच्या व्हॉल्व्हमधून ६० गॅलन ब्लीच गळून पावसाळी गटारात गेलं. व्हॉल्व्ह आवळला, तरी पहाटे ५ ला आणखी ४० गॅलन गेलं. मॅनेजर म्हणतात, दोन्ही वेळा मर्यादेच्या आतच आहे, शिवाय आपण पाणी मारून धुऊन टाकलं. मला झोप लागत नाही. कळवायला हवं का?

उत्तर : हो. तुम्हाला मी लगेच वेगळं लिहिलंच आहे, इथे बाकीच्यांसाठी सांगते.

ब्लीचमधलं रसायन म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. गळती कळवण्याची त्याची मर्यादा १०० पौंड आहे, आणि मोजायचं ते आतलं रसायन. तुमचं ब्लीच वजनाने १२ टक्के. एका गॅलनचं वजन साधारण १० पौंड, म्हणजे गॅलनमागे १.२ पौंड रसायन. रात्री ७२ पौंड गेलं, पहाटे ४८. सुटं धरलं तर मॅनेजरांचं खरं. पण घातक रसायनांच्या गळतीबद्दलच्या १९८० च्या ‘सर्क्ला’ या अमेरिकी कायद्याचा हिशेब २४ तासांचा असतो. बेरीज १२०. आणि पाणी मारल्याने पौंड कमी होत नाहीत, ते फक्त गटारात आणखी पुढे जातात.

मर्यादा १, १०, १००, १००० आणि ५००० पौंड अशा पायऱ्यांत आहेत. क्लोरीन १०, अमोनिया १००, गंधकाम्ल १०००. त्याखाली सांडलं तर चालतं, असा त्यांचा अर्थ नाही. कधी फोन उचलायचा, एवढंच त्या सांगतात.

माझ्या एका जुन्या नोकरीत अमोनिया गळला. वास ओसरल्यावर आम्ही नजरेने ६० पौंड ठरवले. दुपारी टाकीची पातळी ताडली तर १४० निघाले. कळवायला झालेला तो उशीर मला आजही बोचतो. तेव्हापासून मी आधी साठ्यातली घट बघते.

फोन तत्काळ करायचा तो नॅशनल रिस्पॉन्स सेंटरला, म्हणजे अशा गळत्यांची खबर घेणाऱ्या अमेरिकी सरकारच्या केंद्राला. राज्याच्या आणि स्थानिक आपत्कालीन समितीलाही कळवायचं, मग लेखी अहवाल. ही दुसरी सक्ती १९८६ च्या कायद्याची. भोपाळमध्ये १९८४ साली कुंपणाबाहेरच्या माणसांना आत काय साठवलंय हेच ठाऊक नव्हतं. त्यानंतर हा कायदा झाला. तुमचं गटार जिथे उघडतं तिथेही माणसं असतील.

नोकरीची भीती मला समजते. पण प्रभारी व्यक्तीने कळवलं नाही तर ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि रात्रपाळीला प्रभारी तुम्हीच ठरू शकता. उलट, कळवताना दिलेली माहिती फौजदारी खटल्यात तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही. खोटं सांगितलं तर मात्र ते संरक्षण नाही.

राज्याची मर्यादा आणि तुमच्या सांडपाणी परवान्यातली अट याहून कडक असू शकते, तीही बघा.

फोनवर रसायन, दोन्ही वेळा, अंदाजे गॅलन आणि गटार कुठे जातं ते सांगा. उशीर झालाय हेही सांगा. आकडा नंतर दुरुस्त करता येतो.