ही लकब आली कुठून?

इंदूर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

पुण्याची नोकरी पक्की झाल्याचा निरोप मिळाला. आईनं पेढे पोचवले, ते संपलेही. पण निरोपाच्या शेवटी 'जे केलं ते स्वतःच्या बळावर' असं एक वाक्य तू ठोकून दिलं आहेस. ते काही माझ्या गळी उतरेना, म्हणून हे पत्र. मेहनत तुझीच, त्यात वाद नाही. पण मेहनत करायची रीत तू कुणाकडून उचललीस, ते कधी पाहिलंस का?

कुणी काही समजावून सांगत असलं की तू मध्येच विचारतोस, 'म्हणजे नेमकं काय?' तुझ्या घरात ही सवय कुणालाच नाही. बाबा सगळ्याला मान डोलावतात, आई विषय बदलते. ही लकब सुदामा नगरच्या तुझ्या त्या झेरॉक्सवाल्या मित्राची. पेन्शनच्या कागदांच्या प्रती काढायला मी गेलो होतो, तेव्हा काउंटरमागे स्टुलांवर बसून तुमचं कसल्याशा सर्किटवर चाललं होतं. तू फडाफड उत्तर सांगितलंस. मशीनचं झाकण तसंच उघडं धरून तो म्हणाला, "भिया, तुझं पाठ झालंय. म्हणजे नेमकं काय, ते सांग." तू चिडलास आणि पहिल्यापासून मांडायला लागलास. माझे कागद काचेवर तसेच पडून होते, ते असो. इंटरव्ह्यूत तू तरलास तो त्या मांडण्यावर, यावर मी पैज लावायला तयार आहे. नोकरीचं त्याला तू स्वतः कळवलंस, की स्टेटसवरून कळलं?

असे मित्र चटकन लक्षात येत नाहीत, कारण ते उपदेश करत नाहीत. उपदेश आठवतो, करणाराही आठवतो. संगत मात्र अंगवळणी पडते, आणि अंगवळणी पडलेलं सगळं माणसाला आपलंच वाटायला लागतं.

आपल्याच पंचक्रोशीतलं बघ. 1948 साली कुमार गंधर्व क्षय घेऊन देवासला आले, इथून जेमतेम 35 किलोमीटरवर. लहानपणापासून गाजलेला गवई, आणि ऐन विशीत काही वर्षं गाणं बंद. त्या आजारपणात त्यांनी माळव्याच्या बायकांची गाणी कान देऊन ऐकली, ही गोष्ट सगळे सांगतात. त्यांच्याभोवती जमलेल्या मंडळींबद्दल मात्र फार कमी बोललं जातं. 'नई दुनिया'चे संपादक राहुल बारपुते, चित्रकार विष्णू चिंचाळकर म्हणजे आपले गुरुजी, आणि नाटकवाले बाबा डिके. चौघांची चार क्षेत्रं. गुरुजी वाळकी पानं, सालपटं, फेकून दिलेल्या वस्तू घेऊन त्यांतून चित्रं उभी करत. कुमार लोकधुनांतून राग घडवत, त्यांना धुनउगम राग म्हणत. कुणी कुणाकडून काय घेतलं याचा हिशेब मी मांडणार नाही, तो मांडता यायचाही नाही. पण साधं म्हणून सोडून दिलेल्या गोष्टीकडे पुन्हा बघायची नजर त्या मैत्रीत या हातातून त्या हातात फिरत असणार, असं मला फार वाटतं.

तुझ्या ऑफिसात सगळे इंजिनियरच भेटतील. निदान एक मित्र असा जोड, ज्याला तुझ्या कामातलं ओ की ठो कळत नाही.

माझा तसा मित्र आमच्या हौशी नाटकमंडळींत प्रॉम्प्टर होता. मी बँकवाला, तो शाळेत चित्रकला शिकवायचा. हातात संहिता घेऊन विंगेत उभा राहायचा, पण डोळे कागदावर कमी आणि नटाच्या ओठांवर जास्त. नट थांबला की इतर प्रॉम्प्टर लगेच वाक्य फेकतात. हा थांबायचा. थांबलाय तो अभिनयाचा की विसरलाय, हे आधी जोखायचा. विसरलाच असेल तर वाक्यातला पहिला शब्द तेवढा सरकवायचा, तोही पहिल्या रांगेला ऐकू जाणार नाही अशा बेतानं. पुढे काउंटरवर पैसे काढायची स्लिप भरताना एखादी म्हातारी अडखळली, तर तिच्या तोंडचं वाक्य मी कधी ओढून घेतलं नाही. बँकेच्या ट्रेनिंगमध्ये हे कुणी शिकवलेलं नव्हतं.

आणखी एक जात असते, आपल्या पाठीमागे आपल्यासाठी शब्द टाकणाऱ्यांची. चित्रकार बेंद्रे इंदूरचे. हुसेनही इथेच वाढले, बेंद्र्यांपेक्षा पाचेक वर्षांनी लहान. बेंद्र्यांनी हुसेन यांची चित्रं बघून, मुलाला चित्रकार होऊ द्या अशी त्यांच्या वडिलांची समजूत घातली, असं हुसेन सांगत. तुझ्यासाठी असं कोण कुठे बोललं असेल, ते तुला कळायचं नाही. तुला पुण्याला पाठवायला तुझ्या बाबांना कुणी राजी केलं, एवढं आईला हळूच विचारून बघ.

आता ऋण मानायचं कसं? कृपा करून फोटो टाकून 'यारी' वगैरे लिहू नकोस. तो मुलगा लाजेनं दुकान बंद करून बसेल. आणि 'तुझ्यामुळेच मी घडलो' असंही एकदम म्हणू नकोस, समोरच्याला त्यावर काय बोलावं कळत नाही. एखादी बारीकशी गोष्ट सांग. इंटरव्ह्यूत कुठला प्रश्न आला आणि त्या वेळी तुला त्याचं काय आठवलं, ते सांग. मग त्याच्या कामाचं विचार, आणि उत्तर संपेपर्यंत ऐक. परगावी गेलेल्यांचं इथे राहिलेल्यांशी बोलणं लवकर आटतं. दर वेळी पुण्याच्याच गप्पा, आणि याच्या दुकानाची चौकशी दाराशी चपला घालताना.

तो मोठं मशीन घ्यायच्या विचारात आहे. कर्जाचे कागद माझ्याकडे घेऊन यायला सांग. मी सांगून तो यायचा नाही, तुझं ऐकेल. त्याचा धाकटा भाऊ डिप्लोमाला आहे आणि गणितात अडतो. रविवारी सकाळी दुकान बंद असतं, तेव्हा त्या पोराला फोनवर तासभर देत जा.

तुझा,
काका