दगडी पात्याची आणि प्राण्याच्या आकाराची मूठ असलेली सुरी खरंच वापरता येते का? घेताना काय पाहावं?

वापरता येते, आणि कापतेही उत्तम. मी अशा सुऱ्या घडवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ऑब्सिडियन म्हणजे ज्वालामुखीची काच. तिचा छिलका काढला की जी कड मिळते ती पोलादी पात्यापेक्षाही बारीक असते. कागद, कातडं, फळं, मासा, सगळं कापतं. फक्त सुरी सरळ ओढायची. पातं पिळलं, हाडावर आपटलं किंवा हातातून पडलं की टवका उडालाच. फ्लिंटची, म्हणजे चकमकीच्या दगडाची धार किंचित कमी, पण तो दगड जास्त टिकाऊ.

घेणारे बहुतेक जण आधी प्राण्याचा चेहरा बघतात. मी सांधा बघतो. पात्याचा मागचा भाग मुठीत पुरेसा खोल गेलाय का? हलवल्यावर जराही खुळखुळ जाणवते का? जुन्या पद्धतीत राळ, मधमाशांचं मेण आणि कोळशाची पूड एकत्र वितळवून खाचेत भरतात. नुसती राळ ठिसूळ असते, मेणामुळे तिला लवचीकपणा येतो. वरून जनावराची तात, म्हणजे स्नायूच्या तंतूंची दोरी, ओली असताना गुंडाळायची. वाळताना ती स्वतःच आवळत जाते. हल्ली इपॉक्सी हा रासायनिक गोंद वापरतात, त्यातही वाईट काही नाही, पण विकणाऱ्याने तसं सांगायला हवं.

आता प्राणी. मूठ आधी मूठ असली पाहिजे. टोकदार कान, शिंगं, उघडी चोच तळहाताला टोचतात, आणि लाकडाच्या रेषांना आडवे कोरलेले पातळ भाग हमखास तुटतात. जुन्या कारागिरांनी हा प्रश्न फार सुंदर सोडवलाय. तुर्कस्तानातल्या चातालह्योयूकला सापडलेल्या नवाश्मयुगीन खंजिराची हाडाची मूठ वेटोळं घातलेल्या सापाची आहे. लूव्र संग्रहालयातली इजिप्तची गेबेल अल्-अराक सुरी साधारण इ.स.पू. ३३०० ते ३२०० या काळातली, पातं फ्लिंटचं आणि मूठ पाणघोड्याच्या दाताची. तिच्यावर सिंह आहेत, कुत्रे आहेत, पण सगळे उठावात कोरलेले; एकाही प्राण्याचा भाग टोचेल असा बाहेर आलेला नाही. असं काम पाहिलं की मला अजूनही हेवा वाटतो.

पातं हाताने घडवलेलं असेल तर त्यावर शिंपल्यासारखे उथळ खळगे एकमेकांना छेदत गेलेले दिसतील. सगळीकडे सपाट, एकसारखी झिलई असेल तर ते बहुधा यंत्रावर घासलेलं आहे. मूठ हस्तिदंताची आहे असं कोणी सांगितलं तर घेऊच नका.

घेतल्यावर गरम पाण्यात धुऊ नका, उन्हात ठेवू नका. राळ मऊ पडते. आणि पुढे स्वतः घडवायची इच्छा झाली तर डोळ्यांना गॉगल, नाकाला चांगला मास्क लावून, उघड्यावर बसूनच करा. विशेषतः फ्लिंटची धूळ सिलिकाची असते, तिने सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होऊ शकतो आणि ते नुकसान भरून येत नाही.