चावीचं बटण झिजलं, वॉरंटीत बसतं का?

प्रश्न: माझं हळदीचं काम, दिवसभर सांगलीच्या मार्केट यार्डात असतो आणि गाडीची रिमोट चावी कायम खिशात, त्यामुळे अनलॉकच्या बटणाचं रबर झिजून भोक पडलंय, आता चार वेळा दाबलं की एकदा दार उघडतं. वॉरंटी चालू आहे, पण शोरूमवाले म्हणतात बसत नाही, पूर्ण नवीन चावी घ्या. खरं का ओ?
– एक वाचक, सांगली

उत्तर: अर्धं खरं आहे बघा. वॉरंटी असते ती बनवतानाच राहिलेल्या दोषाला, वापरून झिजलेल्या गोष्टीला नाही, म्हणून रबर त्यात बसत नाही, आतला सेलही नाही. पण लगेच नवीन चावी? ते काय पटत नाही. आधी घरातली दुसरी चावी वापरून बघा, तिने दार नीट उघडलं तर गाडीत काही बिघाड नाही. मग सेल बदला, बऱ्याच चाव्यांना सीआर २०३२ लागतो, ३ व्होल्टचा, पण जुन्यावरचा नंबर वाचूनच घ्या.

तरी अडलं तर रबराखाली सर्किटवर बारकं स्विच असतं ते बघायचं. ते आपोआप गेलं असेल तर वॉरंटीत मागायला जागा आहे, पण तुमच्या चावीत भोकातून हळदीची पूड गेली असणार आणि शोरूमवाले तेवढ्याकडेच बोट दाखवणार, खोटं कशाला सांगू. तरी ‘बसत नाही’ हे तोंडी ऐकून परत येऊ नका, जॉब कार्डवर कारण लिहून मागा, पुढं ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करायचा झाला तर तोच कागद लागतो.

स्विच चांगलं असेल तर नुसतं कव्हर बदलून भागतं. सर्किट तेच राहतं म्हणून प्रोग्रॅमिंग, म्हणजे चावी गाडीशी नव्याने जोडणं, लागत नाही, चावीचं पातंही जुनंच नव्या कव्हरात बसतं. फक्त एक सांभाळा, काही चाव्यांत इमोबिलायझरची, म्हणजे गाडीला आपली चावी ओळखू देणारी, चिप सर्किटवर नसते, कव्हरच्या खाचेत वेगळी असते, तांदळाच्या दाण्याएवढी किंवा चपटी काळी, ती जुन्या कव्हरासोबत कचऱ्यात गेली तर दार उघडेल पण इंजिन चालू होणार नाही, आणि मग खरंच आरसी, आधार घेऊन शोरूमला नवीन चावी मागत बसावं लागेल. म्हणून समोर बसून बदलून घ्या.

विम्यात चावीचं ॲड-ऑन, म्हणजे जादा पैसे भरून घेतलेलं संरक्षण, असेल तर ते सहसा हरवलेल्या, चोरीच्या चावीला असतं, झिजलेल्याला नाही, एजंटला त्यासाठी फोन नका करू.