चावून दिलेला घास

प्रिय मुली,

तुझी मेल तीनदा वाचली. तिला जोडलेला तक्ता मात्र एकदाच वाचला आणि पुन्हा उघडणार नाही. पाच विद्यापीठं, सात रकाने: फी, कालावधी, वसतिगृह, शिष्यवृत्ती, स्कोप, परदेशी जाण्याची संधी, आधीचे विद्यार्थी कुठे लागले. आशियाई भाषा, इतिहास आणि संस्कृती शिकायला निघालीस, आणि भाषेला एक रकाना नाही. त्याच रात्री उत्तर लिहिलं असतं तर तू मला परत कधी मेल केली नसतीस, म्हणून आठवडा जाऊ दिला.

आता शांत आहे. बऱ्यापैकी.

मला समजला तो तुझा पेच असा. एकीकडे ‘पूर्व आशिया अभ्यास’ नावाचा अभ्यासक्रम आहे: सिनेमा, राजकारण, लोकप्रिय संस्कृती, सगळं इंग्रजीतून, दुसऱ्या सत्रापासून शोधनिबंध. दुसरीकडे भाषेची पदवी आहे. तिथे पहिलं वर्ष अक्षरं गिरवण्यात जातं आणि ‘विचार करायला काही मिळत नाही’ असं तिथल्या एका मुलाने तुला सांगितलं. त्या मुलाची आणि माझी एकदा गाठ घालून दे.

शिवाय तू विचारतेस की कोरियन मालिका बघून ही ओढ लागली हे मुलाखतीत सांगावं की लपवावं. सांग की! मी शाळेच्या पुस्तकातल्या एका चित्रामुळे आले; पाठीवर पोथ्यांची चौकट बांधलेला भिक्षू होता. कोण कुठल्या दाराने आत आलं हे कुणी बघत नाही. आत येऊन काय वाचलं ते बघतात.

तर माझं म्हणणं एवढंच आहे: मूळ पान स्वतः वाच. हे मी या पत्रात पुन्हा पुन्हा म्हणणार आहे. ऐकून घे.

एकतीस वर्षांची असताना मी चिनी यात्रेकरूंवर प्रबंध सादर केला. साडेतीनशे पानं. फाशियान ३९९ मध्ये चीनमधल्या चांगआनहून निघाला, ह्युएन त्संग ६२९ मध्ये निघून ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन परतला, सगळं तोंडपाठ. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पिशवीतून एका जुन्या ठशाच्या छपाईची झेरॉक्स काढून माझ्यापुढे ठेवली. “यातलं काहीही वाचा.” मी डावीकडच्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. ते हळू आवाजात म्हणाले, “पान उजवीकडून सुरू होतं.” मग झेरॉक्स परत पिशवीत गेली आणि त्यांनी दुसरे प्रश्न विचारले. मला पदवी मिळाली. शेराही चांगला होता. पण साडेतीनशे पानांत एक ओळ अशी नव्हती जी मी ह्युएन त्संगच्या तोंडून ऐकली होती. सगळ्या ओळी सॅम्युएल बील यांच्या १८८४च्या इंग्रजी भाषांतरातल्या.

नावसुद्धा त्याचं नव्हतं बघ. ‘ह्युएन त्संग’ हे रूप आपण सगळे शाळेत शिकतो. चिनी उच्चार श्युएन त्सांगच्या जवळ जातो. जुन्या रोमन लेखनात त्या ‘श’ची सुरुवात ‘एच’ने करत. तो ‘एच’ आपण ‘ह’ म्हणून उचलला. ज्याच्यावर मी सहा वर्षं खर्च केली त्याला मी इंग्रजी टायपिस्टच्या नजरेने हाक मारत होते.

चौतिसाव्या वर्षी अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांमध्ये बसून चिनी शिकायला लागले. पारंपरिक कोशात शब्द शोधायचा तर आधी अक्षराचा मूळ घटक ओळखायचा, असे २१४ घटक. मग उरलेले फटकारे मोजायचे. फटकारे मोजण्यात चूक झाली की भलत्याच पानावर. पहिलं पान वाचायला मला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांबद्दल मी आजवर कुणाकडे तक्रार केलेली नाही. त्याआधीच्या सहा वर्षांबद्दल करते.

ह्युएन त्संगच्या प्रवासवर्णनात महाराष्ट्राचं वर्णन आहे, ते तुला माहीत असणारच. बील लिहितात, हे लोक उपकारकर्त्यांशी कृतज्ञ असतात आणि शत्रूंना दयामाया दाखवत नाहीत. प्रबंधात मी हे वाक्य दोनदा वापरलं होतं. मूळ ओळ कशी आहे? फक्त आठ अक्षरं. *यौ अन् पी पाओ, यौ युआन् पी फू.* चार आणि चार. पहिलं आणि तिसरं अक्षर दोन्हीकडे तेच: ‘असेल’ आणि ‘नक्की’. बदलतं ते दुसरं आणि चौथं. उपकार असेल तर नक्की परत, वैरभाव असेल तर नक्की परत. शत्रू तिथे नाहीच. मनातला सल आहे. आणि दोन्हींचा हिशेब एकाच तराजूत ठेवला आहे, एक सद्गुण नि दुसरा दुर्गुण असं काही नाही. इंग्रजीत ‘कृतज्ञ’ आणि ‘निष्ठुर’ असे दोन वेगळे स्वभाव झाले, तराजू गेला. मराठीत मात्र बघ: *उपकार फेडतील, उट्टंही फेडतील.* एक क्रियापद दोन्ही पारड्यांना पुरतं. हे मला सुचलं तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि उठवून सांगावं असं घरात कुणी नव्हतं.

तुझ्या त्या मुलाला सांग, अक्षरं गिरवताना विचार करायला हे असं काहीतरी मिळतं.

मूळ पान स्वतः वाच हा काही माझा शोध नाही. कुमारजीव हा बौद्ध भिक्षू ४०१ मध्ये चांगआनला पोचला आणि संस्कृत ग्रंथ चिनीत आणू लागला. आपल्या शिष्याला तो म्हणाला की संस्कृताचं चिनी करणं म्हणजे भात चावून दुसऱ्याला देणं. चव तर जातेच, वर खाणाऱ्याला उलटी येते. आणि हे म्हणणारा माणूस आयुष्यभर घास चावूनच देत होता! त्याचं ४०६ मधलं सद्धर्मपुंडरीक या बौद्ध सूत्राचं भाषांतर आजही म्हटलं जातं. त्याला ठाऊक होतं आपण काय करतोय ते. तुझ्या गुळगुळीत अभ्यासक्रमाला ते ठाऊक आहे का, एवढंच मला विचारायचं आहे.

आता कोरियाबद्दल. तुला तिथल्या जोसन राजघराण्याच्या काळावर काम करायचं आहे, छान. हंगुल ही अक्षरमाला सेजोंग राजाच्या काळात १४४३ मध्ये तयार झाली आणि १४४६ मध्ये जाहीर झाली. ती तू एका शनिवार-रविवारी शिकशील आणि सोमवारी तुला वाटेल की अर्धं कोरिया खिशात आलं. मग तू जोसनची राजइतिवृत्तं उघडशील. १३९२ ते १८६३, पंचवीस राजे. आणि ती सगळी अभिजात चिनीत, म्हणजे जुन्या ग्रांथिक चिनीत आहेत. ज्या सेजोंगने अक्षरमाला दिली त्याच्या स्वतःच्या कारकिर्दीचं इतिवृत्तसुद्धा. जपानचा ७२० सालचा इतिहासग्रंथ *निहोन शोकी* अभिजात चिनीत, व्हिएतनामच्या दरबाराचे कागद अभिजात चिनीत. त्या प्रदेशात शंभर-दीडशे वर्षांच्या मागे जायचं तर या एका दारातून जावंच लागतं, आणि तुझ्या पाच विद्यापीठांपैकी चारांच्या अभ्यासक्रमात हे दार कुठे दिसलं नाही. मी वेबसाइटवर जाऊन बघितलं. तक्ता उघडणार नाही म्हटलं होतं, पण दुवे त्यातच होते.

जरा तासांचा हिशेब करू. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवते. इंग्रजी भाषकाला कामापुरती चिनी, जपानी, कोरियन किंवा अरबी यायला ती वर्गातले साधारण २२०० तास धरते. तुझ्या आवडत्या अभ्यासक्रमात भाषेला आठवड्याला चार तास आहेत. वर्षाचे तीस आठवडे धरले तर १२० तास. त्या चालीने २२०० तासांना अठरा वर्षं लागतील आणि तुझी पदवी दोन वर्षांची आहे. तुझी मातृभाषा इंग्रजी नाही, शब्दक्रमामुळे जपानी-कोरियन तुला थोडी सोपी जाईल, हे सगळं मान्य. सोळा वर्षांची सूट तरी मिळणार नाही.

तू लिहिलंस, “मॅडम, आता यंत्र भाषांतर करतं, मग वेळ का घालवायचा?” मी वापरते ते यंत्र. आजच्या बातमीसाठी उत्तम आहे. पण अभिजात चिनीच्या जुन्या पानावर विरामचिन्हं नसतात. कर्ता बऱ्याचदा गाळलेला असतो. क्रियापदाला काळ नाही, वचन नाही. वाक्य कुठे संपलं हे ठरवणं म्हणजेच अर्थ लावणं. यंत्र तिथे एक कर्ता घालून देतं आणि कर्ता आपण घातला हे तुला सांगत नाही. इतका छान चावलेला घास पूर्वी कधी मिळत नव्हता, म्हणून तर मला जास्त भीती वाटते. मूळ पान स्वतः वाचता येत असेल तर खुशाल वापर.

माझं ऐकूनच घ्यावं इतकी मी शहाणी आहे असं समजू नकोस. पंचविशीत मी फारसीचा वर्ग चार महिन्यांत सोडला. सकाळी सातला असायचा, आणि मला वाटलं, चिनी यात्रेकरूंवाल्या बाईला फारसी कशाला? गेली पंधरा वर्षं मी दक्खनच्या सुलतानशाह्यांच्या काळावर काम करते आहे. कागद फारसीत, त्यातले कित्येक शिकस्ता अक्षरात, म्हणजे तुटक, एकमेकांत गुंतलेल्या वळणाचे. प्रत्येक वेळी एका सहकाऱ्याला फोटो पाठवायचा आणि उत्तराची वाट बघायची. तो सज्जन आहे, नेहमी वाचून देतो. मी नेहमी आभार मानते. आणि दर वेळी मला ती उजवीकडून सुरू होणारी झेरॉक्स आठवते.

एक गोष्ट तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते. फार पूर्वी तुझ्यासारख्याच एका मुलीला मी हेच सांगितलं होतं. तिने भाषेची वाट धरली, दोन वर्षांनी सोडली आणि बँकेच्या परीक्षा दिल्या. आमच्याकडे बोललं गेलं की मॅडमच्या हट्टापायी पोरीची दोन वर्षं गेली. मी तेव्हा म्हणाले होते की दोन वर्षं गेली नाहीत, अपुरी पडली. आजही तेच म्हणेन. पण तिच्या घरची अडचण मी विचारली नव्हती, हेही खरं आहे. तुझी विचारते: फीचं कसं जमणार आहे? हा रकाना तुझा बरोबर होता, मी उगीच चिडले. नोकरीचं म्हणशील तर कंपन्या प्रमाणपत्र बघतात. जपानीच्या परीक्षेची एन-वन, एन-टू ही वरची पातळी, कोरियनच्या परीक्षेची पाचवी-सहावी. तेवढं हाताशी ठेव. जपानीच्या त्या परीक्षेत बोलायला लावत नाहीत, तेव्हा तिच्यावर फार विसंबूही नकोस.

आमच्या विभागात मूळ ग्रंथवाचनाचा तास होता. तीनच विद्यार्थी उरले तेव्हा तो बंद झाला. मी तो रविवारी माझ्या घरी चालू ठेवला, नऊ वर्षं. कुणी त्याला निष्ठा म्हणालं, कुणी हेकेखोरपणा. मला तो तास हवा होता, एवढंच. त्या तिघांपेक्षा मलाच जास्त.

हसशील, पण पोट माझंही भाषांतरावरच चाललं आहे. चावून देते मीसुद्धा. फरक असलाच तर तळटीपांचा: जिथे चव गेली तिथे ‘इथे गेली’ म्हणून लिहिते. प्रकाशक त्या अर्ध्या कापतात. मग मी भांडते आणि पाव परत मिळवते. हे समर्थन आहे का? असेल. कुमारजीवानेही काही वेगळं केलं नाही असं स्वतःला सांगते आणि झोपते.

तू ठरव. पण ठरवण्याआधी पाचही ठिकाणी एक मेल कर. दुसऱ्या वर्षाची वाचनयादी माग आणि त्यातली किती पुस्तकं इंग्रजीत नाहीत ते मोज. शेवटच्या परीक्षेत न पाहिलेला उतारा असतो का, विचार. अभिजात भाषा शिकवणारं माणूस कायम आहे की दर वर्षी बदलतं, तेही विचार. याचं उत्तर टाळतील, टाळलं तर तेच उत्तर समज. ज्या अभ्यासक्रमाचं नाव सगळ्यात कंटाळवाणं आहे तिथली यादी आधी माग, माझा अंदाज आहे.

सोबत एका पानाचा फोटो जोडला आहे. तीच ओळ, जुन्या छपाईतली. *यौ अन् पी पाओ, यौ युआन् पी फू* कुठे आहे त्यावर मी पेन्सिलने खूण केली आहे. त्याच्या पुढच्या आठ अक्षरांत, या लोकांचा कुणी अपमान केला तर ते काय करतात हे आहे. बीलमध्ये शोधू नकोस, यंत्राला विचारू नकोस. कोश घे, फटकारे मोज, जे हाती लागेल ते चुकीचं असलं तरी मला पाठव. अकरा दिवस देते.