जर्मनीत झिरकोनियावर काम करायला येतोयस ना, मग बार तोडायला शिकून ये

अरे तू विचारलंस की पुण्यात मेटलर्जी झालीये, आता ड्रेस्डेनला मास्टर्स करून सिरॅमिकच्या लॅबमध्ये झिरकोनियावर (झिरकोनियम ऑक्साइडचं सिरॅमिक) थिसिस करायचाय, तर काय शिकून येऊ. व्हिसाचं बाकीचे सांगतीलच (एपीएसचा, म्हणजे आपली शिक्षणाची कागदपत्रं तपासून मिळणाऱ्या प्रमाणपत्राचा अर्ज मात्र आत्ताच टाक, त्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही), मी कामाचं बोलतो.

आपण कॉलेजात स्टीलचे तीन नमुने ओढायचो, सरासरी काढायची, जर्नल सबमिट. इथे तसं नाही. ३×४×४५ मिमीचे बार, चार बिंदूंवर वाकवायचे, खालचे रोलर ४० मिमी अंतरावर, वरचे २० वर, आणि असे निदान ३० तोडायचे, कारण एक बार ११०० मेगापास्कल ताणाला तुटतो आणि शेजारचा ७०० ला, पावडर तीच, भट्टी तीच. म्हणून सरासरीपेक्षा वायबुल मॉड्युलस बघतात, म्हणजे आकडे किती पसरलेत ते.

माझी पहिली बॅच पूर्ण वाया गेली. कडांना चॅम्फर (धारदार कड तिरपी घासून बोथट करणं) नीट मारलाच नव्हता, निम्मे बार कडेपासूनच तुटले. गाइडने तुकडा मायक्रोस्कोपखाली ठेवला, तुटलेल्या तोंडावर एक गुळगुळीत चकचकीत भाग आणि त्याभोवती रेषा पसरलेल्या, सगळ्या मागे नेल्या की कोपऱ्यातल्या एका खरचटीपाशी येतात. म्हणजे दोन महिने मी झिरकोनियाची ताकद नाही, माझं ग्राइंडिंगच मोजत बसलो होतो, काय बोलणार.

एक्सआरडीतही (एक्स-रे टाकून स्फटिकाची रचना ओळखायची चाचणी) असंच फसलो. ३ मोल टक्के यिट्रिया (यिट्रियम ऑक्साइड) घातलं की टेट्रागोनल फेज (झिरकोनियाच्या स्फटिकाची एक रचना) खोलीच्या तापमानाला टिकते आणि भेग आली की तिथेच मोनोक्लिनिक (दुसरी रचना) होऊन चारेक टक्के फुगते, भेग दाबली जाते, झिरकोनियाची सगळी जादू यातच आहे (गार्वी आणि त्याच्या सोबतच्या संशोधकांनी १९७५ ला सिरॅमिक स्टील म्हटलं ते उगाच नाही). पण ग्राइंडिंगनेही पृष्ठभागावर हेच होतं! मी घासलेला बार तसाच लावला, २८ अंशाजवळ मोनोक्लिनिकचा पीक दिसला, दोन दिवस भट्टीला शिव्या घातल्या. पॉलिश केल्यावर पीक गायब.

जर्मन थोडं ये शिकून, बार घासून देणाऱ्या काकांना इंग्लिश येत नाही आणि त्यांच्याशी पटलं नाही तर तुझे बार शेवटी लागतात. आणि तोडलेले दोन तुकडे जुळतायत का बघायला एकमेकांवर दाबू नकोस, सगळ्यांनाच मोह होतो, पण जिथून भेग सुरू झाली तीच जागा चुरडते. नंबर घालून वेगवेगळ्या पुड्यांत ठेव.