फोन बाजूला ठेवला, तर हातात काय घ्यायचे?

‘फोन कमी करायचा आहे, पण त्या वेळात करायचे काय?’ हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्यांमध्ये विद्यार्थी असतात, नोकरदार असतात, निवृत्त झालेली माणसेही असतात. अ‍ॅप काढून टाकणे, वेळेची मर्यादा लावणे, पुस्तके आणून ठेवणे, चार दिवस फिरायला जाणे असे बहुतेक उपाय त्यांचे करून झालेले असतात आणि पाचव्या दिवशी फोन पुन्हा हातात आलेला असतो. त्यांचा निश्चय कमी पडतो असे मला वाटत नाही. त्यांनी पर्याय निवडलेला असतो तो ‘चांगला’ म्हणून. फोनमधून आपल्याला नेमके काय मिळत होते, याचा विचार त्या निवडीत कुठेच नसतो.

पंचेचाळिशीच्या एका महिलेची हकीकत त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते. हिशेबाच्या कामात दिवस घालवणाऱ्या या बाई रोज साधारण पाच तास फोनवर असत. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारले, “मॅडम, हे व्यसनच ना?” जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात गेमच्या अनिवार सवयीची नोंद आहे; नुसत्या फोनच्या अतिवापराला तिथे स्वतंत्र निदानाचा दर्जा नाही. हे त्यांना सांगितले आणि शिक्का बाजूला ठेवून मी विचारले, “तुम्ही फोनवर पाहता काय?”

त्या थबकल्या. किती वेळ पाहता, हे त्यांना घरातल्या प्रत्येकाने विचारले होते. काय पाहता, हे कोणी विचारलेच नव्हते.

“भरतकाम,” त्या संकोचून म्हणाल्या. त्यांनी फोन पुढे केला. दोनशेहून अधिक व्हिडिओ जपून ठेवलेले होते.

“यातले किती करून पाहिले?”

“एकही नाही.”

पर्याय तर त्यांच्या फोनमध्येच होता! पाहणे संपतच नाही, याला कारणही तसेच आहे. कितीही सरकवले तरी तळाशी न थांबणारे पान 2006 मध्ये अझा रास्किन या संगणक-रचनाकारांनी घडवले, आणि बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसला की प्राणी कळ दाबतच राहतो, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी त्याच्या कितीतरी आधी प्रयोगांनी दाखवले होते. पुढचा व्हिडिओ कदाचित अधिक सुंदर असेल, एवढी आशा बोटाला पुरते.

माझा कल कृतीकडे आहे. उत्साह येण्याची वाट न पाहता आधी छोटी कृती करावी, मन मागाहून येते, या विचाराने मी अनेक वर्षे काम करते. म्हणून त्यांना सांगितले की सुई ओवून ठेवा, कापड रिंगमध्ये ताणून ठेवा आणि संध्याकाळी ज्या खुर्चीत फोन घेऊन बसता तिथेच ते ठेवा; फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा; दहा मिनिटे पुरेत. दोन आठवडे कापड कोरेच राहिले. मी वेळेची अडचण सोडवत बसले होते, आणि अडचण वेळेची नव्हतीच.

तिसऱ्या भेटीत त्या म्हणाल्या, “माझं तसं होणार नाही, मॅडम. त्यांची पाकळी बघा, आणि माझा हात बघा.” तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले की मिनिटभरात फुलणारी ती फुले पाहून त्यांचा हात शिकत नव्हता, तो उलट घाबरत चालला होता. मी सूचना बदलली. “जुन्या चादरीचा तुकडा घ्या. त्यावर सुंदर काहीही करायचे नाही. तो बिघडवण्यासाठीच आहे.”

पुढच्या भेटीत तो तुकडा त्यांनी टेबलावर पसरला. साखळी टाक्याची एक वेल अर्ध्यावर वाकडी झाली होती, मग उसवली होती. सुईची भोके कापडावर स्पष्ट दिसत होती, आणि त्याच भोकांच्या शेजारून दुसरी, थोडी सरळ वेल निघाली होती. “बघा,” त्या तक्रारीच्या सुरात म्हणाल्या, “नुसतं उसवण्यातच पाऊण तास गेला. फोनसुद्धा आठवला नाही.”

मी त्यांना शेवटचे वाक्य पुन्हा म्हणायला सांगितले. ते म्हणताना त्यांचा सूर बदलला, आणि मग आम्ही दोघीही थोडा वेळ काही बोललो नाही.

त्या उसवलेल्या वेलीने मला जे शिकवले ते तेव्हापासून प्रत्येकाला सांगते. फोनवर आपल्या हातून काही बिघडत नाही, म्हणून काही घडतही नाही. पर्याय निवडताना ‘यात मला चुकता येईल का, आणि चूक दुरुस्त करता येईल का?’ असे स्वतःला विचारावे. रोप लावणे, पेटीवर एक सूर धरणे, नवी लिपी गिरवणे, बिघडलेले घड्याळ उघडणे यांत ती सोय आहे.

पण प्रत्येकाची भूक हस्तकलेची नसते. म्हणून आठवडाभर फोनवर काय पाहिले याची नोंद करावी. तासन्‌तास वादविवाद वाचणाऱ्याला बहुधा समोरासमोर बोलणारे माणूस हवे असते. त्याने ठरलेल्या दिवशी एका मित्राकडे जावे. इतरांचे प्रवास पाहणाऱ्याने अनोळखी रस्त्याने चालून यावे. रात्री सगळे झोपल्यावर फोन घेणाऱ्याला कदाचित कोणाचीही मागणी नसलेला एक तास हवा असतो, आणि तो दिवसाउजेडी घरच्यांकडून मागून घ्यावा लागतो. तो मिळाल्याशिवाय कोणताही छंद त्याच्या कामी येत नाही. फोनआड सततची उदासी, उडालेली झोप किंवा जगणे नकोसे वाटणे दडले असेल, तर मात्र पर्याय शोधत न बसता मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे.

सवय लवकर बसेल अशी अपेक्षा ठेवू नये. लंडनमध्ये झालेल्या आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नवी कृती अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागतील असे आढळले. कोणाला 18 दिवस, तर कोणाला 254 दिवस लागतील असा तो अंदाज होता. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही, हेही त्यातच दिसले.

या बाईंचे काही दिवस अजूनही पूर्वीसारखे फोनमध्ये जातात, विशेषतः वर्षअखेरीच्या हिशेबांच्या काळात. जपून ठेवलेल्या व्हिडिओंतला एक त्यांनी निवडला असून बाकीचे तूर्त उघडत नाहीत. चादरीचा तो तुकडा आता चारही कोपऱ्यांपर्यंत भरला आहे, आणि दुसरा त्यांनी कापून ठेवला आहे.